लाँच स्क्रीनची तयारी: अ‍ॅप लोगोवरच अडकू नये म्हणून

लाँच स्क्रीन म्हणजे अ‍ॅप उघडताना सुरुवातीला दिसणारी लोगोची स्क्रीन. लोगो, ब्रँडचा रंग, फाइलचा फॉरमॅट हे सगळं असतंच, त्यावर शब्द घालवत नाही. आधी कागद घ्या आणि आयकॉनवर बोट पडल्यापासून पहिली कामाची स्क्रीन दिसेपर्यंत काय काय चालतं ते ओळीने लिहा: लॉगिनचं टोकन (लॉगिन झाल्याची साठवलेली खूण) तपासणं, रिमोट कॉन्फिग (सर्व्हरवरून येणारी सेटिंगं), सक्तीच्या अपडेटची चौकशी, अ‍ॅनालिटिक्स, डेटाबेसचं मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणं). ज्या कामाला नेटवर्क लागतं त्यावर लाल खूण करा. लाल खुणेचं काम लाँच स्क्रीनच्या मागे ठेवायचं नाही, आणि ठेवावंच लागलं तर त्याला वेळेची मर्यादा लावायची. मागच्या खेपेला हीच मर्यादा राहून गेली होती, म्हणून ती खाली पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

टोकन जागेवरच वाचा. ते फोनमध्ये असेल तर माणसाला थेट आत घ्या. सर्व्हरने नंतर ४०१ ('लॉगिन चालत नाही') दिला की मग लॉगिनकडे पाठवा. अपडेटची चौकशी पहिली स्क्रीन दिसल्यावरही होते. रिमोट कॉन्फिगची मागच्या वेळी आणलेली मूल्यं वापरा, नवी पुढच्या वेळी लागू होतील. एवढं केलं की बहुतेक लाल खुणा आपोआप जातात.

अँड्रॉइड. आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, सिस्टिम स्वतःच स्प्लॅश, म्हणजे लाँच स्क्रीन, दाखवते. जुनी स्वतंत्र स्प्लॅश अ‍ॅक्टिव्हिटी तशीच ठेवली तर लोगो दोनदा येतो, आधी सिस्टिमचा, मग तुमचा. ती काढून टाका आणि जेटपॅकची (गूगलचा अँड्रॉइड लायब्रऱ्यांचा संच) कोअर-स्प्लॅशस्क्रीन लायब्ररी घ्या. इन्स्टॉलस्प्लॅशस्क्रीन ही हाक (फंक्शन कॉल) सुपर.ऑनक्रिएटच्या आधी हवी. ती विसरलात तर थीम बदलतच नाही आणि अ‍ॅपकॉम्पॅटवरचं अ‍ॅप 'अ‍ॅपकॉम्पॅट थीम लावा' म्हणत उघडताक्षणी कोसळतं. थीममध्ये पोस्टस्प्लॅशस्क्रीनथीम (स्प्लॅशनंतर लागायची थीम) भरलंय ना तेही बघा. आयकॉनची मापं ठरलेली आहेत: मागे रंगीत पार्श्वभूमी नसेल तर २८८ डीपीचा (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) चौकोन आणि चित्र १९२ डीपीच्या वर्तुळात, पार्श्वभूमी असेल तर २४० आणि १६०. वर्तुळाबाहेरचं कापलं जातं. नाव जोडलेला आडवा लोगो इथे कोंबू नका, दोन्ही टोकांची अक्षरं जातील. त्याच्यासाठी खाली २०० बाय ८० डीपीची ब्रँडिंग प्रतिमा ठेवता येते, पण खरं तर तिचीही गरज नसते. आयकॉन हलवायचा असेल तर १००० मिलिसेकंदांच्या आत आटपा.

आता तेच, वेळेची मर्यादा. स्प्लॅश धरून ठेवायला सेटकीपऑनस्क्रीनकंडिशन आहे. तिला दिलेली अट खरी असेपर्यंत लोगो हलत नाही, आणि सिस्टिम स्वतःहून 'पुरे झालं' म्हणत नाही. अट एका बुलियनवर (खरं की खोटं एवढंच सांगणारं व्हेरिएबल) असते, तो बुलियन यशाच्या वाटेवर बदलला जातो आणि अपयशाच्या वाटेचा कुणी विचारच करत नाही. उदाहरणार्थ, बॅकअपवरून नव्या फोनवर आलेलं अ‍ॅप: एन्क्रिप्ट केलेली फाइल सोबत आली, किल्ली जुन्याच फोनच्या कीस्टोअरमध्ये (किल्ल्यांच्या तिजोरीत) राहिली. वाचताना एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आलं, ते कुठल्याशा कॅच ब्लॉकने (चूक पकडणाऱ्या कोडने) निमूट गिळलं, बुलियन तसाच राहिला. माणूस लोगो बघत बसतो, आणि क्रॅश झालेला नसल्याने तुमच्या अहवालात काहीच येत नाही. म्हणून बुलियन फायनली ब्लॉकमध्ये (यश असो की अपयश, चालणारच अशा कोडमध्ये) सोडा आणि शिवाय वेगळा टायमर लावा. दोन्ही करा. टायमर एक सेकंदाचा पुरतो. तो संपला की पहिल्या स्क्रीनचा सांगाडा, साठवलेला जुना डेटा आणि 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण दाखवायचं.

'आमच्या नेटवर्क लायब्ररीला टाइमआउट आहेच की' असं कुणीतरी म्हणेल. आहे. ओकेएचटीटीपीमध्ये (अँड्रॉइडवरची नेटवर्क लायब्ररी) जोडणीला मुळात १० सेकंद, वाचनाला वेगळे १०. आयओएसच्या यूआरएलसेशनमध्ये ६०. साठ सेकंद लोगो बघत कोण थांबतं?

आयओएसवर लाँच स्क्रीन म्हणजे स्टोरीबोर्डचं (स्क्रीनची रचना ठेवणाऱ्या फाइलचं) स्थिर चित्र, त्यात तुमचा कोड चालत नाही. तिच्यावर मजकूर नको, कारण त्याचं भाषांतर होत नाही. पहिल्या स्क्रीनसारखीच दिसेल अशी करा: तीच पार्श्वभूमी, वरची रिकामी पट्टी, बस. बदल केला आणि जुनंच चित्र दिसतंय तर कोडला दोष देऊ नका. सिस्टिमने ते साठवलेलं असतं. अ‍ॅप काढा, फोन रीस्टार्ट करा, पुन्हा टाका. मुख्य थ्रेडवर उत्तराची वाट बघत बसलात तर साधारण २० सेकंदांनी वॉचडॉग (सिस्टिमचा पहारेकरी) अ‍ॅप मारून टाकतो. सिम्युलेटरवर किंवा डीबगर जोडलेला असताना वॉचडॉग झोपलेला असतो, त्यामुळे हे टेबलावर कधीच दिसत नाही.

डार्क मोड: दोन्ही रंग भरा, नाहीतर रात्री डोळ्यावर पांढरा झोत येतो. अ‍ॅपमध्ये थीमची स्वतंत्र निवड असेल तर लक्षात ठेवा, लाँच स्क्रीन सिस्टिमचं ऐकते, तुमच्या सेटिंगचं नाही. अँड्रॉइड १२ पासून यूआयमोडमॅनेजरच्या सेटअ‍ॅप्लिकेशननाइटमोडने ही निवड सिस्टिमला कळवता येते. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह असेल तर लोगो जाऊन जावास्क्रिप्टचं पहिलं चित्र येईपर्यंत मध्ये पांढरा पडदा चमकतो; रूट व्ह्यूला तोच पार्श्वरंग द्या.

मोजणी रिलीज बिल्डवर, साध्या फोनवर, अ‍ॅप पूर्ण बंद करून. डीबग बिल्डचे आकडे फेकून द्या. एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा द्यायचं साधन) एएम स्टार्टला डब्ल्यू पर्याय लावला की टोटलटाइम मिलिसेकंदांत मिळतो. आयओएससाठी इन्स्ट्रुमेंट्स या अ‍ॅपलच्या मोजणीच्या साधनातलं अ‍ॅप लाँच. अँड्रॉइड व्हायटल्स (प्ले स्टोअरचा कामगिरीचा अहवाल) कोल्ड स्टार्टला (पूर्ण बंद असताना उघडायला) ५ सेकंदांपासून पुढे जास्त धरतं, अ‍ॅपलचं लक्ष्य पहिल्या फ्रेमला ४०० मिलिसेकंद. ५ सेकंद म्हणजे लाज निघाल्याची रेघ, तिथवर जाऊ नका. वेळ खाणारं बहुधा मॅनिफेस्टमध्ये सापडतं: मर्ज केलेला मॅनिफेस्ट (तुमच्या आणि लायब्रऱ्यांच्या घोषणांची एकत्र फाइल) उघडा आणि किती लायब्रऱ्यांनी आपापला कंटेंट प्रोव्हायडर (उघडतानाच आपोआप चालणारा घटक) घुसवलाय ते मोजा. क्रॅश रिपोर्टर राहू द्या, बाकीच्या लायब्रऱ्या नंतर सुरू करा.

चाचणी. विमान मोड लावून 'ऑफलाइन चालतंय' म्हणू नका! विमान मोडमध्ये विनंती लगेच नापास होते, म्हणून सगळं छान दिसतं. घातक असतं ते जोडलेलं पण मेलेलं नेटवर्क. राउटर चालू ठेवा, त्याची बाहेरची केबल उपटा, फोन वायफायवर ठेवा, अ‍ॅप उघडा. आयफोनवर डेव्हलपर सेटिंगमधल्या नेटवर्क लिंक कंडिशनरमध्ये (नेटवर्क मुद्दाम बिघडवायचं साधन) १०० टक्के लॉस निवडा. लोगो एका सेकंदात जायलाच हवा. ताज्या इन्स्टॉलवर एकदा, लॉगिन केलेल्यावर एकदा, टोकन संपलेल्यावर एकदा.

मग उरलेलं: नोटिफिकेशनवरून उघडणं, लिंकवरून उघडणं, आडवा फोन, टॅब्लेट. जाहिरात नको. टॅगलाइन नको. स्टोअरवर आधी थोड्याच लोकांना सोडा. आणि सोडण्याआधी ती केबल पुन्हा एकदा उपटून बघा.