वर्गात कविता शिकवताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी पहिली ते चौथीला शिकवते. आजूबाजूच्या शाळांतले नवे शिक्षक भेटले की एक गोष्ट हमखास विचारतात. "मॅडम, गोष्ट सांगायला घेतली की पोरं सरकत सरकत पुढे येतात. कवितेच्या तासाला मात्र खिडकीबाहेर बघतात. माझं काय चुकतंय?" कविता अवघड असेल किंवा पोरं कच्ची असतील, असं त्यांना वाटत असतं. मला मात्र बहुतेक वेळा तासाचा क्रम उलटा झालेला दिसतो.

आधी शब्दार्थ, मग कविता

फळ्याच्या डाव्या बाजूला आठ कठीण शब्द, उजव्या बाजूला त्यांचे अर्थ. पोरं ते उतरवून घेतात, पेन्सिलीला टोक करतात, कुणी पाणी प्यायला जातं. वीस मिनिटांनी कविता सुरू होते तेव्हा ऐकायला कुणी उरलेलंच नसतं. पहिली तीन वर्षं मीही असंच शिकवलं, कारण मलाही असंच शिकवलं गेलं होतं.

आता पहिल्या दिवशी पुस्तक बंद ठेवायला लावते. कविता दोनदा म्हणून दाखवते आणि एकही प्रश्न विचारत नाही. तिसऱ्या वेळी ओळीतला शेवटचा शब्द गाळते, तो पोरं भरतात. चौथ्या वेळी अर्धी ओळ त्यांची. मगच पुस्तक उघडायचं. तोवर शब्द कानाच्या ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे अडखळत वाचणारी मुलंही बोट ठेवून भराभर पुढे जातात. अर्थ दुसऱ्या दिवशी. तोही सगळ्या शब्दांचा सांगायची गरज नाही, ज्याच्यावाचून कविता अडते तेवढ्याच शब्दांचा.

सगळ्या कवितांना एकच चाल

ही चाल तुम्ही ऐकलेली आहे. परिपाठाला, स्नेहसंमेलनात, शाळेत पाहुणे आले की तीच. ओळ चढते, शेवटचा स्वर लांबतो, मान डोलते. त्या चालीत पावसाची कविता आणि दुःखाची कविता सारखीच वाजते. बघायचं असेल तर मुलाला चाल सोडून नुसतं बोलून दाखवायला सांगा. दुसऱ्याच ओळीला थांबेल.

यासाठी मी वर्गापुरत्या चार ओळी रचल्या होत्या:

रानात गेला बाबा अन्
आभाळ आलं भरून
पाऊस आला धावून
पऱ्हाटी गेली न्हाऊन

पऱ्हाटी म्हणजे कपाशी. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. पोरं दोन्ही हातांची चार-चार बोटं मोडून ती मोजतात: रा-ना-त-गे, ला-बा-बा-अन्. ठरलेल्या चालीत म्हटलं की पहिली ओळ "बाबा अऽऽन्" अशी लांबते आणि बाबा तिथेच लटकून राहतो. मग मी विचारते, "घरी येऊन आजीला सांगायचं असतं तर कुठं थांबला असतास?" पोरगं म्हणून बघतं, "रानात गेला बाबा... अन् आभाळ आलं भरून!" श्वास कुठे घ्यायचा ते त्याचं त्यालाच सापडतं. एका ओळीवर एवढा वेळ गेला तरी चालेल, पुढच्या दहा कवितांना तो उपयोगी पडतो.

चाल वाईट नसते, फक्त ती त्या कवितेची हवी. ओवी ओवीसारखी म्हणावी. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ओवीत आहे, गावात प्रार्थनेला ती पोरांच्या कानावर पडते. तिसऱ्या चरणापर्यंत यमक जुळत जातं आणि चौथा आखूड पडतो, हे चौथीची मुलं ऐकूनच ओळखतात.

घरची बोली खोडणे

यमकाचा खेळ चालला होता. मी 'काळा' दिला. माळा, फळा, शाळा अशी उत्तरं आली. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "माया." वर्ग हसला, आणि मीही "नाही जुळत, बस" म्हणून पुढे गेले. घरी जाताना लक्षात आलं. तो 'काळा' म्हणतच नाही, 'काया' म्हणतो. वऱ्हाडीत ळ चा य होतो. त्याच्या कानाला काया-माया अगदी नेमकं यमक होतं. वर्गात सगळ्यात बारकाईने ऐकत होता तो, आणि चूक ठरला तोच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने केले, 'घरी' आणि 'पुस्तकात'. काया-काळा, डोया-डोळा, पानी-पाणी. पहिल्या रकान्यातलं कुठलं कशाशी जुळतं, दुसऱ्यातलं कशाशी, हे दोन्ही शोधायचं. लेखनात ळ आणि ण आपोआप सुधारले, कारण फरक आता त्यांच्या कानांनी पकडला होता. विठ्ठल वाघांनी वऱ्हाडीत कविता लिहिल्या आणि त्या महाराष्ट्रभर म्हटल्या गेल्या, हेही मुलांना जरूर सांगावं.

पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून येणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा असतो. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. या मराठीच्या बोली नाहीत. त्या मुलाला मराठी कविता परक्या भाषेतून येते, तेव्हा त्याचं गप्प राहणं म्हणजे मंदपणा समजू नका. त्याला आधी टाळीचा ठेका धरू द्या, शब्द मागून येतील. घरचं एखादं गाणं त्याला म्हणायला सांगा. तो म्हणेल तसं देवनागरीत फळ्यावर लिहा आणि वाचून दाखवा. तुमचे उच्चार चुकतील, तो दुरुस्त करेल. महिनाभर तोंड न उघडलेल्या एका मुलीने मला असंच चार वेळा दुरुस्त केलं होतं.

कविता फक्त पुस्तकात असते असं समजणे

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडते आणि दोनेक महिन्यांत पोळा येतो. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, माणसं झडत्या म्हणतात, ओळीला ओळ जुळवून एकमेकांना डिवचतात. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला हीच पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. मग भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखायला लावतात. एवढं पाठ असलेली मुलं वर्गात आल्यावर आपण म्हणतो, "यांना कविता येत नाही."

पोळ्यानंतरच्या दिवशी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा. प्रत्येकाने ऐकलेली एक झडती आणावी. काही झडत्या वर्गात म्हणण्याजोग्या नसतात, तेवढं आधी सांगून ठेवा. ज्यांच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात त्यांनी त्या आणाव्यात. आजीलाच बोलावता आलं तर फार चांगलं, पण कापूस वेचणीच्या दिवसांत बोलावू नका. मजुरी बुडवून कुणी येणार नाही आणि यावंही नाही.

पुस्तकं कपाटात

कवितांची पुस्तकं पातळ असतात. उभी ठेवली की त्यांचा कणा दिसत नाही, जाड पुस्तकांमध्ये ती हरवतात. शिवाय फाटली तर नोंदवहीत काय दाखवायचं, या धास्तीने कुलूप लागतं. खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशी लटकवा. मुखपृष्ठ समोर दिसलं की हात जातो. पावसाळ्यात भिंतीपासून दूर ठेवा, ओल आणि वाळवी दोन्ही लागतात. पानं फाटतील, ती चिकटवायचं काम चौथीला द्या.

पाठांतराची हजेरी

एकेकाला उभं करून कविता म्हणवून घेतल्याने जे अडखळतात ते कवितेलाच घाबरतात. साखळी करा, एक ओळ एकाची. महिन्याला एकच कविता पाठ करायची, आणि कोणती ते मुलानेच ठरवायचं. वाचन प्रेरणा दिनाला, 15 ऑक्टोबरला, दरवर्षी त्याच तीन चुणचुणीत मुलांना पुढे करणंही थांबवा.

"चला, आता 'माझी आई'वर कविता करा"

हे सांगितलं की तीस वह्यांत आई-साई-घाई उतरतं. आधी यमकाची अट काढून टाका. मी वर्ग बाहेर नेते आणि एवढंच सांगते, "पाच मिनिटं एकाच गोष्टीकडे पाहा. जे दिसलं तेच लिहा, छान वाटलं असं लिहू नका." शाळेमागे एक गाय बांधलेली असते, समोर ढेप म्हणजे पेंड. तिसरीतल्या मुलीने लिहून आणलं:

गाय ढेप खाते
नाकावर माशी बसली
गाय हालत नाई
माशीले बी भूक असन

मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, एक कानाही बदलला नाही. दोनदा वाचलं. वर्गात कुणी काही बोललं नाही, मग पहिलीतला एक जण उठून दाराशी गेला आणि गाय अजून तिथेच आहे का ते पाहून आला.