गेकिगा वाचायला सुरुवात कशी करावी

गेकिगा म्हणजे मोठ्या वाचकांसाठीच्या, गंभीर वळणाच्या जपानी चित्रकथा. हे नाव देणाऱ्या चित्रकार योशिहिरो तात्सुमींचं नाव ऐकून थेट ‘अ ड्रिफ्टिंग लाइफ’ हातात घेऊ नका. आठशेहून जास्त पानांचं हे आत्मचरित्रपर पुस्तक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओसाका-टोकियोतल्या चित्रकार, संपादक आणि प्रकाशकांनी गच्च भरलेलं आहे. या मंडळींचं काम आधी पाहिलं नसेल, तर शंभरेक पानांतच नावांची सरमिसळ होते. ते नंतरसाठी ठेवा.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. तेव्हा जपानमध्ये पुस्तकं भाड्याने देणारी दुकानं जोरात होती आणि हातावर पोट असलेली तरुण पोरं त्यांची मोठी गिऱ्हाइकं. या दुकानांसाठी ओसाकात १९५६ मध्ये ‘कागे’ हे चित्रकथांचं नियतकालिक सुरू झालं. त्यात चित्रं काढणाऱ्या तात्सुमींनी १९५७ मध्ये, मुलांच्या मांगापासून (जपानी कॉमिक्सपासून) वेगळं म्हणून, आपल्या कामाला गेकिगा म्हटलं.

पहिलं पुस्तक ‘द पुश मॅन अँड अदर स्टोरीज’ घ्या. यातल्या कथा १९६९ च्या आहेत आणि अगदी छोट्या आहेत. एका बैठकीत दोन, फार तर तीन वाचा. जवळपास प्रत्येक कथेत एकसारखाच दबलेला, अबोल कामगार भेटतो. दहा कथा सलग वाचल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि मागे नुसतं क्रौर्य उरतं. प्रत्येक कथा आधी संवाद न वाचता, फक्त चित्रं पाहत संपवा. नायक कुठल्या चौकटीत गप्प आहे आणि त्या वेळी कुठे बघतो आहे, ते लक्षात ठेवा. मग शब्दांसकट पुन्हा वाचा. शेवट तुटक का वाटतो, ते बहुतेक वेळा त्या नजरेतच कळतं. स्त्रियांवरची हिंसा या कथांत वारंवार येते, आणि ती नेहमीच समजुतीने हाताळलेली नाही. पुस्तक मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वाचण्याआधी पानांची दिशा तपासा. मूळ जपानी पान उजवीकडून डावीकडे जातं, संवादाचे फुगेसुद्धा. तात्सुमींच्या इंग्रजी आवृत्त्या मात्र डावीकडून वाचायच्या आहेत. त्यासाठी पान आरशातल्यासारखं उलटं छापलंय का, हे सामुराईंच्या कथांत कपड्यांवरून ओळखता येतं. किमोनोची डावी बाजू वर हवी आणि तलवार डाव्या कमरेला. उजवी बाजू वर दिसली, तर चित्र आरशातलं आहे. जपानमध्ये तसा किमोनो फक्त मृताला नेसवतात.

दुसरं पुस्तक शिगेरू मिझुकींचं ‘ऑनवर्ड टूवर्ड्स अवर नोबल डेथ्स’, १९७३ चं. मिझुकींनी पॅसिफिकमधल्या न्यू ब्रिटन बेटावर युद्धात डावा हात गमावला, आणि कथा तिथलीच आहे. माणसं व्यंगचित्रासारखी गोलमटोल, मागचं जंगल मात्र फोटोइतकं बारीक. दोन्ही एका चौकटीत पहिल्यांदा खटकतात. घाई न करता पार्श्वभूमीही पाहा, कारण शेवटच्या पानांवर हा फरक मिटतो आणि धक्का तिथे बसतो.

मग योशिहारू त्सुगे. ते मिझुकींचे सहायक होते. त्यांची १९६८ ची ‘नेजिशिकी’ समुद्रातून बाहेर येणाऱ्या मुलाने सुरू होते. त्याच्या दंडाची रक्तवाहिनी तुटलेली आहे, ती दाबून धरून तो डॉक्टर शोधतो आणि गावात त्याला पाट्या दिसतात त्या सगळ्या डोळ्यांच्या दवाखान्यांच्या. इथे अर्थ लावत बसलात तर हाती काही लागणार नाही. ताप चढल्यावर पडलेलं स्वप्न जसं आपण मुकाट बघतो, तशी ती वाचा. हे जमलं नाही, तर आधी त्यांचं ‘द मॅन विदाउट टॅलेंट’ वाचा. नदीकाठचे दगड विकायला बसलेल्या माणसाची ती कथा सरळ आणि अतिशय सुंदर आहे.

तलवारबाजीची आवड असेल, तर काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमांची ‘लोन वुल्फ अँड कब’ आहेच. २८ खंड आहेत, पण सुरुवातीच्या बऱ्याच कथा स्वतंत्र असल्याने पहिल्या खंडावरूनच पुढचं ठरवता येईल.

सानपेई शिरातोंची ‘कामुईदेन’ सर्वांत शेवटी घ्या. कात्सुइची नागाई यांच्या ‘गारो’ मासिकात ती १९६४ ते १९७१ या काळात आली. गावकुसाबाहेरचा कामुई, कुळवाडी शोसुके आणि सामुराईचा मुलगा र्‍युनोशिन हे तिचे तीन धागे. कामुई पानंच्या पानं गायब होतो, म्हणून वाचक बुचकळ्यात पडतो. तीन रकाने आखा, नवं पात्र आलं की ते कोणत्या थरातलं ते लिहा. शिरातोंचा रोख एका नायकावर नसून शेतसारा, दुष्काळ आणि उठावांवर आहे, हे त्या रकान्यांत दिसू लागतं.