वन्यजीव संवर्धनाचा निधी मागताना या चुका टाळा

वन्यजीवांसाठीचा सगळा पैसा वनखात्यातूनच खर्च व्हायचा, ते दिवस गेले. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी), देशी न्यास, परदेशी देणगीदार या सगळ्यांकडे आता नोंदणीकृत ना-नफा संस्थाही अर्ज करू शकतात. तरीही गोव्यातील सत्तरी, पेडणे, काणकोणात मनापासून राबणाऱ्या मंडळांचे अर्ज कागदांवर अडकतात, याचे वाईट वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे परवानगीचा विचार निधी मंजूर झाल्यावर करणे. म्हादई, नेत्रावळी किंवा खोतिगाव अभयारण्यात अभ्यासासाठी जायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. ‘हे अभयारण्य नव्हे, मग कसली परवानगी?’ असे अनेकांना वाटते. पण या किनाऱ्यांवर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हे कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरते. हेतू कितीही चांगला असो, वनखात्याला बाजूला ठेवून अंडी हलवू नका. परवाना हाती नसेल तर निदान केलेल्या अर्जाची पोच जोडा आणि वेळापत्रकात तेवढे महिने राखून ठेवा.

दुसरी चूक: अर्जात प्राणी असतो, माणूस नसतो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. अशा घटनांमागे अनेकदा गुरांवरच्या हल्ल्यांचा राग असतो. ज्याचे जनावर वाघाने मारले त्याला भरपाईचा अर्ज भरायला कोण मदत करणार, पंचनाम्याला कोण धावणार, हे ज्या प्रस्तावात नाही तो माझ्या मते अपुराच. फक्त कॅमेरे आणि जनजागृतीचे फलक मागू नका.

कागदांचे थोडक्यात. सीएसआरसाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी; सरकारी अनुदानासाठी दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक. प्राप्तिकराची नोंदणी आता मुदतीची असते, ती संपली का ते आधी पाहा. परदेशी निधीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची मंजुरी, लागतेच. ‘मोठ्या संस्थेने घ्यावा आणि आम्हाला वाटून द्यावा’ हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, तेव्हा कार्यालयाचे भाडे आणि लेखनिकाचा पगार त्यात बसतो का, हे अंदाजपत्रक करतानाच तपासा.