बागेतली भाजी थंडीसाठी साठवताय? या चुका टाळा

दरवर्षी थंडीच्या सुट्ट्या लागल्या की मला ठरलेले फोन येतात. "फ्रीझरमधला मटार गवतासारखा लागतोय." "वाळवलेल्या टोमॅटोवर पांढरं काहीतरी आलंय, पुसून घेतलं तर चालेल ना?" "झाकण जरा फुगलंय, पण वास अगदी छान आहे." पहिल्याला इलाज नाही, दुसरं टाकून द्यायचं आणि तिसऱ्या बरणीजवळ चमचासुद्धा न्यायचा नाही. तेव्हा फोन करून काही हाती लागत नाही, कारण माती खाल्लेली असते तोडणीच्या दिवशी. ती उघडकीला येते पाहुणे पानावर बसल्यावर.

उरलंसुरलं साठवणं

चांगलं ते लगेच खायचं आणि तडकलेलं, मऊ पडलेलं, टोपलीत लोळत पडलेलं तेवढं साठवायचं, ही बऱ्याच जणांची रीत. जे आत जाईल तेच बाहेर येणार, तेही थोडं उतरूनच. मटार आणि गोड मका तर तोडल्यापासूनच बिघडायला लागतात. त्यांच्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो आणि उकाड्यात हा वेग वाढतो. सकाळी तोडून "संध्याकाळी निवांत बघू" म्हणणाऱ्याला पिठूळ मटार मिळाला तर त्याने बियाण्याला दोष देऊ नये.

मी आधी ओट्यावर पातेलं, चाळणी, बर्फ, पिशव्या असं सगळं मांडते आणि मगच टोपली उचलते. ओटा रिकामा नसेल त्या दिवशी तोडणी नाही.

फ्रीझरमध्ये कच्चंच कोंबणं

"फ्रीझर आहे ना, मग ब्लांच कशाला करायचं, उकळत्या पाण्यातून कशाला काढायचं?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. भाजीतली एन्झाइम्स, म्हणजे तिच्यात बदल घडवत राहणारे पदार्थ, उणे 18 अंशांवरही पुरती झोपत नाहीत. त्यांचं काम हळूहळू चालूच राहतं, रंग उतरतो, चव जाते आणि काही महिन्यांनी, म्हणजे नेमका सुट्टीचा मुहूर्त साधून, तो गवताचा वास येतो. उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवलं की एन्झाइम्स निकामी होतात. मटाराला दीड ते दोन मिनिटं, फरसबीला तीन, फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन, पालेभाजीला दोन. एवढंच काम, पण त्याचाही लोकांना कंटाळा.

जे कंटाळत नाहीत ते घाई करतात. लहानशा पातेल्यात अख्खी टोपली ओतली की पाणी गार पडतं, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो आणि तोवर भाजी कोमट पाण्यात भिजत बसते. अर्धा किलो भाजीला साधारण चार लिटर पाणी हवं. भाजी टाकल्यावर मिनिटभरात परत उकळी यायला हवी, आणि वेळ मोजायची ती तिथून. आली नाही तर भाजी जास्त आहे, पुढच्या घाण्याला कमी घ्या. "अर्धं मिनिट पुरे" म्हणणाऱ्यांची गत तर आणखी वाईट. अपुऱ्या उष्णतेने एन्झाइम्स मरत नाहीत, उलट चेकाळतात. त्यापेक्षा कच्ची भाजी गोठवलेली बरी.

मग जितका वेळ उकळत्या पाण्यात, तितकाच बर्फाच्या पाण्यात. नंतर निथळायचं, आणि निथळायचं म्हणजे चाळणी दोनदा आपटायची असं नाही. मी सुती कापडावर पसरते आणि वरून दुसऱ्या कापडाने टिपते. मग ताटात एकेरी थर लावून ताट फ्रीझरमध्ये. दाणे कडक झाले की पिशवीत भरून हवा काढून टाकायची. ओलीच भाजी पिशवीत भरणाऱ्या एका घरी सुट्टीतल्या जेवणाच्या दिवशी फरसबीची वीट बत्त्याने फोडणं चाललं होतं. वीट शाबूत राहिली, ओट्याचा टवका उडाला.

कांदा, मिरची, भोपळी मिरची आणि कोथिंबीर-पुदिन्यासारख्या गोष्टी ब्लांच न करता गोठवल्या तरी चालतात. त्यांच्या बाबतीत खुशाल आळस करा.

झाकण आत बसलं, म्हणजे टिकलं

इथे मी चिडत नाही, घाबरते.

माझ्या एका भाच्याला बागेचं वेड लागलं. पहिल्याच हंगामात फरसबी अंगावर आल्यासारखी आली. त्याने ती मिठाच्या पाण्यासह बरण्यांत भरली, बरण्या मोठ्या पातेल्यात तीन तास उकळल्या आणि गार होताना प्रत्येक झाकण टक् करून आत बसलेलं ऐकून खूश झाला. थंडीच्या सुट्टीत सगळे जमलो तेव्हा त्यातली एक बरणी मोठ्या कौतुकाने टेबलावर आली. शेंगा एकसारख्या कापून उभ्या रचलेल्या, पाणी नितळ, दिसायला देखणी. त्याने झाकण काढलं, हुंगलं आणि वाढायला घेतलं. मी बरणी त्याच्या हातातून घेतली.

"अगं मावशी, तीन तास उकळलंय! त्यात काय जिवंत राहणार आहे?"

राहतं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कडक कवचातली झोपलेली रूपं, मातीत सगळीकडे असतात, म्हणजे बागेतल्या भाजीवरही असतात. 100 अंशांच्या पाण्यात ते मरत नाहीत आणि उघड्या पातेल्यातलं पाणी तीन तास उकळलं तरी 100 च्या वर जात नाही. उंचावर राहत असाल तर त्याहूनही खाली उकळतं, दर 300 मीटरला सुमारे एक अंश कमी. बीजाणू मारायला वाफेच्या दाबाखालचे 121 अंशांच्या आसपास लागतात. उकळण्यात त्यांचे स्पर्धक जिवाणू मेलेले, झाकणाने हवा बाहेर काढलेली, आंबटपणा नाही, बरणी खोलीच्या तापमानाला. त्यांना आणखी काय हवं? ते जागे होतात आणि विष तयार करतात. म्हणजे भाचा ज्या टक् आवाजावर विसंबला होता, त्यानेच त्यांची सोय केली होती.

या विषाला वास नसतो, चव नसते. हुंगून बघण्याला म्हणूनच काही अर्थ नाही. डिसेंबर 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं हॅम खाल्लं आणि त्यातले तिघे दगावले. त्याच हॅममधून जिवाणूशास्त्रज्ञ एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला. लक्षणं बहुतेक वेळा 12 ते 36 तासांत दिसतात: एकाचं दोन दिसणं, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं. असं काही जाणवलं तर घरगुती उपाय करत न बसता सरळ रुग्णालय गाठायचं.

भाच्याच्या सगळ्या बरण्या गेल्या. जेवण होईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

हिशेब पीएचचा, म्हणजे आंबटपणाच्या मापाचा आहे; आकडा जितका कमी तितकं आंबट. 4.6 च्या खाली, म्हणजे पुरेसं आंबट असेल तर हे बीजाणू वाढत नाहीत. म्हणून जॅम, आंबट फळं आणि व्हिनेगरमधल्या भाज्या नुसत्या उकळत्या पाण्याच्या पद्धतीने टिकवता येतात. फरसबी, मटार, मका, गाजर, बीट हे नुसत्या पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात बरणीबंद करायचे असतील तर प्रेशर कॅनरच हवा, म्हणजे वाफेच्या दाबाखाली बरण्या तापवणारं मोठं भांडं. "घरचा कुकर चालेल का?" नाही. तो पटकन तापतो आणि पटकन निवतो, आणि तपासलेल्या पाककृतींमधली वेळ मोठ्या कॅनरच्या सावकाश तापण्या-निवण्यासकट धरलेली असते. भोपळ्याचा गर तर कॅनरमध्येही घालू नये. घट्ट गराच्या मध्यापर्यंत उष्णता नीट पोचत नाही. गोठवा आणि मोकळे व्हा.

टोमॅटो नेमका या सीमारेषेवर बसतो आणि जास्त पिकला की आंबटपणा आणखी उतरतो. अर्ध्या लिटरच्या बरणीला एक मोठा चमचा लिंबाचा रस, लिटरला दोन. रस बाटलीबंदच घ्यायचा. एरवी मी ताज्या लिंबाची कट्टर समर्थक, पण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा आणि इथे अंदाजाला जागा नाही. व्हिनेगरही 5 टक्के आम्लतेचंच हवं. फार आंबट लागतं म्हणून त्यात पाणी वाढवू नका, साखर घाला.

वाळवण्यातली घाई

आच वाढवली की लवकर वाळतं, हा गैरसमज. टोमॅटोच्या फोडींचा बाहेरचा थर कडक होतो, आतलं पाणी आतच कोंडतं आणि बरणीत बुरशी धरते. भाज्यांना 60 अंशांच्या आसपास, पाल्याला त्याहून बरंच कमी. आणि वाळलेलं सगळं लगेच कपाटात टाकू नका. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, आठवडाभर ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवा, रोज हलवा. काचेला आतून दव दिसलं तर माल परत वाळवायला. हा आठवडा कोणी थांबत नाही, आणि सुट्टीत पांढरं काहीतरी पुसत बसतात.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तिथेही तोच जिवाणू, म्हणून फ्रिजमध्ये चार दिवस किंवा सरळ फ्रीझर. कांदा-लसूण काढल्या काढल्या टोपलीत भरू नका, सावलीत वाऱ्याला दोन-तीन आठवडे सुकू द्या. बटाटे धुऊन ठेवू नका, सफरचंदांशेजारीही नको, कोंब फुटतात. जॅममधली साखर मनाने अर्धी करू नका आणि दुप्पट घाणा एकाच पातेल्यात आटवू नका, धरत नाही. आंबवायच्या कोबीला मीठ वजनावर, दोन ते अडीच टक्के, आणि कोबी पाण्याखाली दाबलेला. काचेची बरणी गोठवणार असाल तर वर जागा सोडा. आणि नाव-तारीख लिहा हो! हिरव्या बर्फाच्या पिशवीत पालक आहे की पुदिना हे पाहुण्यांसमोर ओळखत बसण्यात काय मजा आहे?

सुट्टीत उघडताना

फुगलेलं झाकण, कडेने पाझर, उघडताना फसकन उडालेलं पाणी, गढूळ द्रव यांतलं काहीही दिसलं तर चाखायचं नाही. बरणीसकट पिशवीत घट्ट बांधून टाका. कंपोस्टमध्ये नको, जनावराला नको. ओट्यावर सांडलं असेल तर हातमोजे घालून ब्लीचने पुसा. कमी आंबट भाजी घरी कॅन केलेली असेल तर बरणी चांगली दिसत असली तरी मी ती पातेल्यात दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय ताटात वाढत नाही. तयार झालेलं विष उकळण्याने नष्ट होतं, बीजाणू होत नाहीत. पण ही जास्तीची खबरदारी झाली. चुकीच्या पद्धतीने भरलेली बरणी उकळून वाचवायला जाऊ नका.

गोठवलेली भाजी वितळवत ठेवायची नाही. गोठलेलीच गरम भांड्यात टाका आणि ताज्यापेक्षा कमी शिजवा, ब्लांच करताना ती थोडी शिजलेलीच असते. आणि पिशव्या जपून ठेवण्यात अर्थ नाही. आठ ते बारा महिन्यांत चव उतरते, तोवर बागेत पुढचा मटार लागलेला असतो.