टाचेतून रक्ताचा नमुना घेताना या चुका टाळा: नवजात तपासणीचं कार्ड परत येऊ नये म्हणून

जन्मजात आजार लवकर ओळखण्याच्या तपासणीसाठी नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताचे चार-पाच थेंब फिल्टर पेपरच्या कार्डावर घ्यायचे, वाळवायचे आणि लॅबला पाठवायचे. काम दिसायला छोटं आहे. पण कार्ड नापास झालं की बाळाला परत बोलवावं लागतं, आणि मुंबईत तोवर बाळंतीण बऱ्याचदा माहेरी, रत्नागिरीला नाहीतर साताऱ्याला, पोहोचलेली असते. जन्मजात थायरॉइड कमी असेल तर औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं. ॲड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारात तर दुसऱ्या आठवड्यातच बाळ कोसळू शकतं. वाया गेलेलं कार्ड हेच दिवस खातं.

वेळ

नमुना शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घ्या. जन्मल्यावर लगेच टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, थायरॉइड कमी असेल तर ते वाढतं) आपोआप उसळतं, त्यामुळे २४ तासांच्या आतल्या नमुन्यात निरोगी बाळही संशयित ठरतं. फिनाइलकीटोन्युरियाचं (प्रथिनांतलं फिनाइलॲलनिन शरीरात साठत जाण्याचा जन्मजात आजार) उलटं आहे: फिनाइलॲलनिन अजून पुरेसं साठलेलंच नसतं, म्हणून आजार असूनही निकाल नॉर्मल येऊ शकतो. बाळ २४ तासांआधीच घरी निघालं असेल तर नमुना घेऊनच सोडा आणि दुसऱ्या नमुन्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या.

बाळाला रक्त चढवायचं असेल तर तास मोजत बसू नका, आधी नमुना घ्या. नंतर घेतला तर जी-६-पीडी (लाल पेशींतलं एन्झाइम), गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज शरीराला न वापरता येण्याचा आजार) आणि हिमोग्लोबिनच्या चाचण्यांत रक्तदात्याच्या लाल पेशी मोजल्या जातात.

टाच

टोचायची जागा तळव्याच्या बाजूने, टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. मधोमध किंवा मागच्या गोलाईवर टोचू नका; तिथे हाड जवळ असतं, जंतुसंसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. खोली २ मिमीच्या पुढे नको. म्हणूनच इंजेक्शनची सुई वापरू नये, ती किती आत गेली हे हाताला कळत नाही. ठरावीक खोलीचं, एकदाच वापरायचं ऑटोमॅटिक लॅन्सेट (टोचणी) घ्या.

रक्त येत नाही ही तक्रार बहुतेक वेळा थंड टाचेची असते. ४२ अंश सेल्सिअसपेक्षा गरम नसलेल्या ओल्या कपड्यात टाच ३ ते ५ मिनिटं गुंडाळा आणि पाय बाळाच्या छातीच्या पातळीखाली ठेवा. आईने छातीशी धरून दूध पाजत असताना नमुना घेतला तर बाळाला कमी दुखतं. तेवढी सोय जरूर करा. घरी जाऊन आलेल्या बाळाच्या टाचेला मालिशचं तेल असतं. ते आधी धुऊन काढा, नाहीतर थेंब गोल न बनता पसरतो आणि तेल कागदावर उतरतं.

टाच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि आपोआप वाळू द्या. पोव्हिडोन आयोडीन नको, आयोडीनमुळे थायरॉइडचा निकाल बिघडतो.

थेंब

बहुतेक कार्डं इथे बिघडतात. पहिला थेंब कोरड्या निर्जंतुक गॉझने पुसून टाका, त्यात टिश्यूतलं पाणी असतं. दुसरा थेंब मोठा होऊ द्या, मग कार्ड थेंबाला हलकेच टेकवा. कातडी कागदाला लागू देऊ नका. रक्त एका दमात वर्तुळभर झिरपायला हवं. लगेच कार्ड उलटून बघा: मागेही तेवढाच भरलेला लाल गोल दिसला पाहिजे. मागे पांढरे ठिपके राहिले तर त्यावर दुसरा थेंब चढवू नका, पुढचं वर्तुळ घ्या.

एवढा आग्रह का? लॅब डागातून साधारण ३.२ मिमीची टिकली कापते आणि तिच्यात सुमारे ३ मायक्रोलिटर रक्त आहे असं धरून हिशेब करते. थरावर थर असला तर आकडा फुगतो. कागद अर्धवट भिजला असेल तर आकडा घटतो, आणि वाढलेलं टीएसएच नजरेतून सुटू शकतं.

डागाभोवती फिकट पिवळसर कडं दिसलं तर स्पिरिट वाळलं नव्हतं किंवा टाच पिळली होती, असं समजा. पिळल्याने रक्त पातळ होतं आणि पेशी फुटतात. हलका दाब द्या, सोडा, पुन्हा भरू द्या. इडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीतलं रक्त कार्डावर ओतू नका, टीएसएचच्या काही पद्धतींत त्याने निकाल चुकतो.

वाळवणं

कार्ड आडवं ठेवा, डाग कशालाही टेकू नयेत. १५ ते २२ अंश तापमानात किमान ३ तास. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा खिडकीशी किंवा सिंकजवळ ३ तासांत भागत नाही. एसीच्या खोलीत, पण थेट झोतापासून दूर, वाळवण्याचा स्टँड ठेवा. डाग सगळीकडे सारखा गडद तपकिरी झाला आणि लाल ओलसर चमक गेली, मगच कार्ड वाळलं. घाई म्हणून हेअर ड्रायर, वॉर्मर किंवा ऊन वापरलं तर नुकसानच होतं: जी-६-पीडी, बायोटिनिडेज यांसारखी एन्झाइम्स उष्णतेने आणि दमटपणाने मरतात.

ओलं कार्ड झिपच्या पिशवीत कोंडू नका. वाळल्यावर सिलिका जेलसोबत भरा आणि आतल्या आर्द्रता दर्शकाचा रंग बदलला की जेल बदला. कोऱ्या कार्डांचा गठ्ठाही कोरड्या कपाटात हवा, आणि त्यावरची मुदत बघा.

फॉर्म आणि पाठवणी

जन्माची आणि नमुन्याची तारीख वेळेसकट लिहा. वजन, गर्भाचे आठवडे, रक्त चढवलं का, शिरेतून पोषण चालू आहे का, हेही. जुळ्यांवर पहिलं-दुसरं न लिहिता कार्ड सोडू नका. मोबाइल नंबर दोन घ्या, त्यातला एक माहेरचा.

वाळलेलं कार्ड २४ तासांत निघालं पाहिजे. आठवड्याचा गठ्ठा साठवून पाठवू नका, आणि गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांत लॅबमध्ये कार्ड कोण घेणार हे आधीच विचारून ठेवा. वॉर्डच्या वहीत प्रत्येक कार्डापुढे पाठवल्याची आणि निकाल आल्याची तारीख हवी. निकालाचा रकाना रिकामा असेल तर तो नॉर्मल धरू नका, लॅबला फोन करा.