नको असलेल्या ईमेलचा बंदोबस्त

लातूरच्या शिकवण्यांच्या भागात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे माझे छोटे दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीरकडची मुले पालकांना घेऊन येतात, आणि प्रवेशाच्या पत्रासाठी त्यांचा ईमेल उघडावा तर समोर अक्षरशः उकिरडा साचलेला असतो. बिनव्याजी कर्ज, कधीही अर्ज न केलेल्या विद्यापीठातील ‘निवड’, न मागवलेल्या पार्सलची सूचना, परदेशातल्या कुणा मयताचा वारसा, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी आपल्याला हवे असलेले एक पत्र. या स्पॅमचा उपद्रव पूर्णपणे थांबवता येत नाही. मात्र तो पुष्कळ आटोक्यात ठेवता येतो.

तो थांबत का नाही, याचे उत्तर त्याच्या जन्मातच आहे. 3 मे 1978 रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरील सुमारे 400 जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी पाठवली, आणि स्पॅमचा पहिला नमुना म्हणून तिचीच नोंद घेतली जाते. लोक संतापले, तक्रारी झाल्या, पण थर्क यांच्या सांगण्यानुसार त्या पत्रामुळे मालही खपला. टपालाने 400 पत्रे पाठवायची तर 400 तिकिटे लागतात. ईमेलला 400 काय आणि 4 लाख काय, खर्च जवळपास सारखाच. लाखातला एक जरी फसला तरी पाठवणाऱ्याचे भागते, त्यामुळे त्याला दमवण्याची आशा सोडून आपला पत्ता त्याच्या हाती लागू न देणे, हेच पहिले काम ठरते.

त्यासाठी ईमेलचे दोन पत्ते ठेवावेत, असे मी प्रत्येकाला सांगतो. एक घरचा आणि एक बाजारचा. बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी, शिष्यवृत्ती, सीईटी आणि नीट यांच्यासाठी घरचा पत्ता द्यावा, आणि तो इतरत्र कुठेही लिहू नये. शिकवणीची चौकशी, मोफत सराव परीक्षा, दुकानातील लकी ड्रॉ, एकदाच वापरायचे ॲप, या सर्वांना बाजारचा पत्ता पुरतो. ‘स्कॉलरशिप टेस्ट’ या गोंडस नावाचा अर्ज शाळेच्या दारात भरून घेतात, तेव्हा परीक्षेपेक्षा मुलांचे नंबर आणि ईमेल गोळा करण्यातच आयोजकांना अधिक रस असतो, हे माझे स्पष्ट मत आहे. जीमेल वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. आपल्या नावानंतर, ॲट या चिन्हाच्या आधी, अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी पत्र आपल्याच खात्यात येते. शिकवणीला पत्ता देताना तिथे ‘शिकवणी’ हा शब्द रोमन अक्षरांत जोडला, आणि पुढे त्याच पत्त्यावर कर्जाची जाहिरात आली, तर आपला पत्ता कुठून बाहेर गेला हे आपोआप कळते. काही संकेतस्थळे अधिकचे चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे साधा बाजारचा पत्ता द्यावा.

आमच्या व्यवसायातील एक दोषही इथे कबूल केला पाहिजे. मराठवाड्यात अनेकांचे पहिले ईमेल खाते त्यांनी स्वतः उघडलेले नसून सेवा केंद्रावरच्या मुलाने घाईत उघडून दिलेले असते. पासवर्ड म्हणून गावाचे नाव किंवा मोबाइल नंबर, आणि खाते परत मिळवण्यासाठी नंबर दुकानदाराचा! असे खाते कुणाच्याही हाती लागते, आणि मग त्याच खात्यातून दुसऱ्यांना स्पॅम जाऊ लागते. आपले खाते असे उघडलेले असेल तर आजच पासवर्ड बदलावा, रिकव्हरीचा नंबर स्वतःचा टाकावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारी सोय, सुरू करावे.

आता आलेल्या पत्रांविषयी. बहुतेक लोक स्पॅम दिसले की ते डिलीट करतात, आणि तिथेच चूक होते. डिलीट केल्याने पत्र जाते, पण जीमेलला त्यातून काही शिकायला मिळत नाही. त्याऐवजी पत्र निवडून ‘रिपोर्ट स्पॅम’ हे बटण दाबावे, म्हणजे तशा प्रकारची पुढची पत्रे थेट स्पॅमच्या फोल्डरमध्ये जाऊ लागतात. ‘ब्लॉक’चा उपयोग ओळखीच्या, एकाच पत्त्यावरून लिहिणाऱ्या माणसासाठी होतो, भामटे रोज पत्ता बदलत असल्याने त्यांच्यापुढे तो फारसा चालत नाही. एखाद्या दुकानाच्या किंवा ॲपच्या जाहिराती आपणच कधीतरी मागवलेल्या असतात. त्या बंद करण्यासाठी पाठवणाऱ्याच्या नावाजवळ जीमेलने दाखवलेले ‘अनसबस्क्राइब’ वापरावे. दिवसाला जीमेलच्या खात्यांवर 5000 हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या पत्रांत एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय दिली पाहिजे, असा नियम गूगलने 2024 मध्ये लागू केला. मात्र अनोळखी पत्राच्या तळाशी असलेल्या ‘अनसबस्क्राइब’ला हात लावू नये, कारण त्यावर बोट ठेवताच हा पत्ता जिवंत आहे, अशी पोच समोरच्याला मिळते. उत्तर पाठवून शिव्या देणाऱ्यांचेही तेच होते.

जाहिरात आणि फसवणूक यांतला फरक ओळखण्यासाठी मात्र थोडे थांबून पाहावे लागते. समजा, ‘आयकर परतावा विभाग’ या नावाने पत्र आले आहे. ते नाव कुणीही लिहू शकतो, म्हणून मोबाइलवर त्या नावाखालील बारीक बाण दाबून खरा पत्ता पाहावा. तो ‘जीओव्ही डॉट इन’ने संपत नसेल आणि कुठल्या तरी परक्या नावाने संपत असेल, तर पुढे वाचण्याची गरज नाही. रोमन लिपीतील आर आणि एन ही अक्षरे जवळजवळ लिहिली की ती एमसारखी दिसतात. अशा युक्त्या पकडण्यासाठी पत्ता अक्षरागणिक वाचावा. लिंकच्या बाबतीत ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग पाहून तो मागून पुढे वाचावा, कारण मालक कोण हे त्या भागाच्या शेवटावरून ठरते. सुरुवातीला बँकेचे नाव असून शेवट भलताच असेल, तर ते घर बँकेचे नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, त्यामुळे ही पारख आता पुष्कळ सोपी झाली आहे. संगणकावर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडल्यास पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या चाचण्यांपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ दिसते. ‘फेल’ असेल तर संशय घ्यावाच. तिन्ही ‘पास’ असतील तर पत्र पत्त्यातील ॲट चिन्हापुढच्या नावावरूनच आले आहे एवढेच सिद्ध होते, त्या नावाचा मालक सज्जन आहे हे नव्हे.

पत्रासोबत आलेली एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी) किंवा झिप फाइल उघडू नये. जीमेलच्या सेटिंगमध्ये चित्रे विचारून दाखवण्याचा पर्याय निवडावा, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या चित्रावरूनही पत्र उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला लागते. मोबाइलवर ‘डीएनडी’ (डू नॉट डिस्टर्ब) घेतल्याने ईमेल थांबतील, असा समज आढळतो, पण ती सोय कॉल आणि एसएमएसपुरतीच आहे.

कधी कधी तासाभरात शेकडो अनोळखी ‘वेलकम’ पत्रे येऊन आदळतात. असा पूर आला तर पत्रे पुसत बसण्याआधी बँकेचे खाते तपासावे. पैसे काढल्याची सूचना त्या गर्दीत बुडावी, यासाठीही हा पूर आणला जातो. पैसे गेलेच असतील तर तत्काळ 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी; जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते. नुसता पासवर्ड दिला गेला असेल तर तो बदलून सेटिंगमधील ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ ही दोन ठिकाणे उघडून पाहावीत, कारण चोर तिथे स्वतःचा पत्ता टाकून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यानंतरही पत्रे त्याच्याकडे जात राहतात.

या सगळ्या बंदोबस्तात गव्हाबरोबर किडेही रगडले जातात म्हणतात, इथे मात्र कधी किड्यांबरोबर गहूही जातो. दोन वर्षांपूर्वी रेणापूरकडची एक मुलगी वसतिगृहाच्या यादीची वाट पाहत रोज इनबॉक्स पाहत होती. संस्थेचे पत्र स्पॅममध्ये पडले होते. माझ्या दुकानात आम्ही ते फोल्डर उघडले, तेव्हा कागदपत्रे दाखवण्याची मुदत संपून दोन दिवस झाले होते, आणि संस्थेने पुढे काहीही ऐकून घेतले नाही. अर्ज मीच भरला होता, पण स्पॅम पाहत जा, एवढे सांगायचे मला सुचले नव्हते. स्पॅममधील पत्रे जीमेल 30 दिवसांनी स्वतःहून पुसून टाकते, म्हणून आठवड्यातून एकदा, आणि अर्ज भरलेला असेल तर रोज, ते फोल्डर चाळावे. कामाचे पत्र सापडले तर ‘नॉट स्पॅम’ दाबून पाठवणाऱ्याचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये जतन करावा. आता प्रत्येक अर्जाच्या प्रिंटमागे मी पेनाने दोन ओळी लिहून देतो: संस्थेचे पत्र कोणत्या पत्त्यावर येणार, आणि स्पॅमचे फोल्डर कोणत्या तारखेपर्यंत रोज पाहायचे.