कॉम्प्युटर आपोआप बोलायला लागला? नॅरेटर असा बंद करा

पडद्यावरची प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटर मोठ्याने वाचू लागला आणि निवडलेल्या बटणाभोवती निळी चौकट दिसू लागली, की समजायचं विंडोजमधला नॅरेटर, म्हणजे अंध लोकांसाठी पडदा वाचून दाखवणारी सोय (स्क्रीन रीडर), सुरू झालाय. हा व्हायरस नाही. मशीन दुकानात न्यायची गरज नाही आणि फॉरमॅट तर मुळीच मारू नका.

आधी कंट्रोल एकदा दाबा. चालू असलेलं वाचन तिथेच थांबतं. भरलेल्या ऑफिसात कुणाचा खासगी मेल वाचला जात असेल, तर एवढंच आधी हवं असतं. मग विंडोजची की आणि कंट्रोल धरून ठेवून एंटर दाबा. एकदाच दाबा आणि दोन-तीन सेकंद थांबा. याच तीन बटणांनी नॅरेटर चालूही होतो, त्यामुळे घाईघाईत दोनदा दाबलं तर तो बंद होऊन पुन्हा बोलायला लागतो. बरेच लोक इथेच अडकतात. कॅप्स लॉक धरून एस्केप दाबलं तर नॅरेटर फक्त बंद होतो, म्हणून गोंधळ उडाला असेल तर ते जास्त सोपं. विंडोज 8 मध्ये आणि विंडोज 10 च्या 2017 पूर्वीच्या आवृत्त्यांत मात्र विंडोज आणि एंटर एवढंच चालतं.

आवाज म्यूट करून विषय संपवू नका. नॅरेटर मागे चालूच राहतो आणि कीबोर्ड विचित्र वागतो. कॅप्स लॉक ही नॅरेटरची की बनते, त्यामुळे मोठी अक्षरं हवी असतील तर ती पटकन दोनदा दाबावी लागते. वेबपेजवर एच दाबलं की कर्सर पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. टचस्क्रीन असेल तर एका टॅपने नुसतं नाव वाचलं जातं, उघडायला दोन टॅप लागतात. कीबोर्ड खराब झाला म्हणून लोक नवा आणतात, ते अशाच वेळी.

तो मुळात सुरू होतो कसा? बहुतेकदा चुकीच्या बोटाने. वर्डमध्ये नवीन पान घ्यायला कंट्रोल आणि एंटर दाबतात. मुंबईत फोर्टात कोर्टाच्या आसपास प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्यांचा हात दिवसभर त्याच दोन बटणांवर असतो. विंडोजची की कंट्रोलच्या जवळच असते; अंगठा किंवा करंगळी तिच्यावर पडली की झालं. असं वरचेवर होत असेल तर विंडोज, कंट्रोल आणि एन दाबा. नॅरेटरची सेटिंग्ज थेट उघडतात. विंडोज 11 मध्ये हेच पान सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली, तर विंडोज 10 मध्ये ईझ ऑफ अ‍ॅक्सेसखाली सापडतं. तिथे कीबोर्ड शॉर्टकटचा पर्याय बंद करा.

कॉम्प्युटर चालू केला की दर वेळी आवाज येत असेल, तर कारण वेगळं. त्याच पानावर साइन-इनच्या आधी सुरू करा आणि साइन-इननंतर सुरू करा असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. दोन्ही पाहा. फक्त दुसरा काढला तर पासवर्डच्या पडद्यावर बडबड चालूच राहते. पहिला पर्याय मशीनवरच्या सगळ्यांना लागू होतो, म्हणून त्यासाठी अ‍ॅडमिन खातं लागू शकतं. पासवर्डच्याच पडद्यावर अडकला असाल तर खाली उजव्या कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या खुणेवर क्लिक करून नॅरेटर बंद करता येतो.

हे करूनही आवाज येतोय आणि निळी चौकट नाही? मग एज ब्राउझरचं मोठ्याने वाचन (कंट्रोल, शिफ्ट, यू) किंवा वर्डचं (कंट्रोल, ऑल्ट, स्पेस) चालू असेल. तीच बटणं पुन्हा दाबा.

मॅकवर या सोयीचं नाव व्हॉइसओव्हर. कमांड आणि एफ5 दाबा. लॅपटॉपवर सोबत एफएनही धरावं लागू शकतं. क्रोमबुकवर कंट्रोल, ऑल्ट, झेड.

नॅरेटरची सिस्टिम फाइल उडवायचा किंवा तिचं नाव बदलायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेटिंग्जमधून सगळं होतं. आणि मशीन सायबर कॅफेतलं, कॉलेजच्या लॅबमधलं किंवा सोसायटीच्या ऑफिसातलं असेल, तर शॉर्टकट बंद करू नका. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या एक्सआरसीव्हीसी या अंधांसाठीच्या केंद्रात किंवा वरळीच्या नॅब या अंधांसाठीच्या संस्थेत कॉम्प्युटर शिकलेला अंध विद्यार्थी उद्या त्याच खुर्चीवर बसेल, आणि कुणाची मदत न घेता काम सुरू करायला त्याला हीच तीन बटणं लागतील. अशा मशीनवर फक्त आपोआप सुरू होण्याचे पर्याय काढा. तिथे एनव्हीडीए हा वेगळा स्क्रीन रीडर बोलत असेल तर इन्सर्ट धरून क्यू दाबा, मग एंटर. तो अनइन्स्टॉल करण्याआधी लॅब सांभाळणाऱ्यांना विचारा.